घोंगडी कशाची?

"मग फोडू नगं तर काय करू? त्या चष्म्यांची पूजा करू?"

बिरानं हे विचारलं तेव्हा त्याच्या डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. काल फोडलेल्या चष्म्याची काच तळव्यात घुसली होती. फडकं लाल झालं होतं, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

म्हाकूबाबांनी मान वर केली नाही. त्यांच्या मांडीवर नुकतीच कातरलेली लोकर होती. तिच्यातली कुसळं ते चिमटीनं काढत होते.

"मी कवा म्हणालो, फोडू नगं?"

"तुमी काय म्हणतच न्हाई. मघाधरनं मी एकटाच वरडतोय."

"वरड की. मी ऐकतोय."

खरातवाडीच्या माळावर बिरोबाचं बसकं दगडी देऊळ आहे. त्याला लागून एक छप्पर. म्हाकूबाबा तिथं राहत. उभा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला होता. गुडघे बोलायला लागले तेव्हा ते या छपराखाली टेकले, ते कायमचे. लोक येत, मनातलं ओतत आणि जात. बाबा कुणाला उपदेश करत नसत. त्यामुळेच लोक पुन्हा येत.

बिरा त्यांचा शिष्य. आई गेल्यावर थोरल्या बहिणीनं, कस्तुराक्कानं, त्याला हाताला धरून इथं आणलं होतं आणि बाबांच्या पायाशी बसवलं होतं. "शाळेत टिकंना झालाय, बाबा. तुमी तरी काय शिकवा." शाळा त्यानं सोडली की शाळेनं त्याला, हे गावात कुणालाच नीट सांगता येत नसे. बाबांनी त्याच्या कपाळाला भंडारा लावला आणि पहिली ओवी शिकवली.

ओवी त्यानं आता सोडली होती. अक्का गेल्यापासून त्याच्या गळ्यातून नुसतं ओरडणंच निघत होतं.

आज तो भंडारा मागायला आला होता. उद्या खालच्या गावची जत्रा. "जत्रंत त्यो येणार हाय, त्येनं सोताच सांगितलंय," बिरा म्हणाला.

"कोण त्यो?" बाबांनी विचारलं.

"त्योच. चष्मेवाला. अक्काचा जीव घेणारा."

"तिला तर साप चावला."

बिरा ताडकन उठला. छपराच्या वाशाला डोकं आपटलं, तेही त्याला कळलं नाही.

"तुमी बी तेच म्हणा! फौजदार बी हेच म्हणाला. म्हणाला, गुन्हा कुणावर नोंदवू, सापावर? आन् हसला. माजी भैन मेलीय आन् त्यो हसला, बाबा."

"मग सांग. साप न्हाई तर कोण?"

"तुमाला समदं ठावं हाय."

"मला साप ठावा हाय. बाकीचं तू सांगितलंच न्हाईस. मातीच्या दिवशी बी न्हाई."

बिरा खांद्यावरची घोंगडी सावरत खाली बसला.

मग दाराच्या खांबाला टेकलेला पोपट पुढं सरकला. पोपट बिराचा दोस्त. मोबाईल त्याच्या हातातून आंघोळीपुरताच सुटायचा. बिरा चष्मे फोडायचा आणि पोपट ते टिपून लोकांना दाखवायचा, असं त्या दोघांचं ठरलं होतं.

"बाबा, दावतो की तुमाला. हितं हाय माज्याकडं."

"ठेव त्यो!" बिरा खेकसला. "मीच सांगतो."

आणि त्यानं सांगितलं.

कस्तुराक्का सोमवारच्या बाजारात घोंगड्या विकायची. चिंचेखाली तिची जागा ठरलेली. नवऱ्यानं टाकल्यापासून त्या घोंगड्यांवरच तिनं घर चालवलं आणि बिराला वाढवलं. आवाज मोठा, हात मोठा, मन त्याहून मोठं. गिऱ्हाईक नुसतं बघून गेलं तरी ती म्हणायची, "बसा वाईच सावलीला, ऊन लई हाय."

एका सोमवारी एक तरणा माणूस आला. कपडे शहरातले, डोळ्यांवर काळ्या जाड काडीचा चष्मा. काही बोलेना. घोंगडीला हात लावला, मग स्वतःच्या तोंडाला आणि कानाला, आणि हात हलवला.

अक्काला वाटलं, मुका आहे. बहिराही असेल.

तिला कळवळा आला. शेजारच्या कांदेवालीला ती म्हणाली, "बग की गं, एवढा देखणा गडी, आन् देवानं वाचा न्हाई दिली." मग तिनं सगळा बाजार बाजूला ठेवला आणि त्याच्याशी हातांनी बोलायला लागली.

त्यानं घोंगडी चिमटीत धरून खुणेनं विचारलं, ही कशाची?

आता मेंढरू कसं सांगावं? अक्कानं अंगावरून हात फिरवून केस दाखवले. त्यानं मान हलवली, कळलं नाही. तिनं कात्री चालवून दाखवली. तरी कळलं नाही. मग ती उठली. भर बाजारात, बाप्यांच्या देखत, तिनं दोन बोटं डोक्याला शिंगांसारखी लावली, वाकली, आणि ओरडली...

"बँऽऽ."

आणि त्याच्याकडं बघत राहिली. आता तरी कळलं का म्हणून.

तो हसला. मोठ्यानं हसला. आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला, "थँक यू मावशी, एकदम भारी केलंत!"

आणि निघून गेला. घोंगडी न घेता.

बाबांच्या चिमटीतली लोकर तिथंच थांबली.

"मुका नव्हता?"

"मुका कसला! तोंडाचा पट्टा हाय नुसता त्यो! त्याच्या चष्म्यात यंत्र होतं, बाबा. काडीच्या कोपऱ्यात बारका डोळा असतो. आपल्याला वाटतं माणूस आपल्याकडं बघतोय. माणूस न्हाई बघत, सगळी दुनिया बघत असती."

दोन दिवसांत सगळ्या तालुक्यानं ते बघितलं. त्याच्यावर गाणं चढवलं होतं म्हणे.

पुढच्या सोमवारी अक्का चिंचेखाली बसली, तर चहाच्या टपरीवरून आवाज आला. बँऽऽ. ती हसली. कुणाचं तरी कोकरू असेल असं तिला वाटलं. मग कापडवाल्याकडून आला. मग एसटीतून. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "कुठं, मेंढवाड्यात का?" आणि अख्खी गाडी हसली. लग्नाला गेली तर पंगतीत बँऽऽ. पिठाच्या गिरणीत बँऽऽ. ज्यांच्या अंगावर तिनं घोंगडी पांघरली होती, तेही बँऽऽ.

ती भांडली नाही. एवढी मोठ्या आवाजाची बाई, पण तिचा आवाजच गेला. तिनं डांबरी रस्ता सोडला. बाजारातून घरी यायला ओढ्याकाठची पाणंद धरली. लांबची, काट्याकुट्यांची, माणूसकाणूस नसलेली. माणूस नाही म्हणूनच धरली.

तिथं साप होता.

"डांबरी रस्त्यावर असती तर कुणीतरी उचलली असती, बाबा. जीप मिळाली असती. डागदर काय लांब न्हाई. पर ती पाणंदीत पडली... एकटी. रस्त्यावर माणसं व्हती म्हणून ती पाणंदीनं गेली. आता सांगा, सापानं मारली?"



बाहेर कुडाच्या आत मेंढरं खूर घासत होती. पोपटनं मोबाईल मांडीवर पालथा ठेवला आणि पुन्हा उचलला.

"म्हणून मी फोडतो," बिरा म्हणाला. "दिसला तसला चष्मा की काढतो आन् फोडतो. हे बगा."

त्यानं खांद्यावरची पिशवी जमिनीवर उलटी केली. शेणानं सारवलेल्या भुईवर चष्मे पडले. मोडक्या काड्या, तडकलेल्या काचा, वाकडी नाकं.

बाबांनी लोकर बाजूला सारली. एकेक चष्मा उचलून उन्हाच्या तिरिपेत धरला.

"ह्येच्यात यंत्र हाय?"

"हाय. त्यो बगा डोळा."

"ह्येच्यात?"

"त्यात बी."

"आन् ह्यो? ह्येच्या काडीला तर नाडी बांधलीया."

बिरानं तो परत घ्यायला हात पुढं केला.

"काडी मोडली व्हती, म्हणून कुणीतरी नाडीनं बांधलीया. काच बी बग केवढी जाड. कुणाचा?"

"...एका म्हाताऱ्याचा."

"त्येच्यात डोळा कुटं हाय?"

"न्हाई." बिराचा आवाज उतरला, पण मान ताठच होती. "बसस्टँडवर व्हता. काडी काळी, जाड. लोकं वरडली, ह्यो बी तसलाच हाय, धर त्येला! मी धरला. लोकं वरडत व्हती, बाबा. मला काय ठावं."

"मग?"

"मग काय. फुटला."

"म्हातारा?"

"...भुईवर बसून हातांनी हुडकत व्हता."

"आन् लोकं?"

उत्तर बिराच्या आधी पोपटनं दिलं. त्याला वाटलं, ही सांगण्यासारखीच गोष्ट आहे.

"लोकं लई हसली, बाबा! आपला सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ त्योच..."

आणि मधेच थांबला. बिरा त्याच्याकडं बघत होता.



"चुकलं," बिरा म्हणाला. "म्हाताऱ्याला नवा चष्मा नेऊन देतो. पाया पडतो त्येच्या. पर म्हणून काय बाकीच्यांना सोडू? एका म्हाताऱ्यापायी त्या समद्या हरामखोरांना सोडू व्हय?"

"मी कवा म्हणालो, सोड?"

"मग तुमी म्हणता तरी काय?"

"मी इचारतोय. आता लोकं काय करत्यात?"

बिरा कडवट हसला. लोक काय करतात! लोकांना आता सगळं कळत होतं. तालुक्याच्या गावात काळी जाड काडी दिसली की बाया पदर ओढून घेत. न्हाव्यानं आरशाच्या वर पाटी टांगली होती, 'चष्मा काढून बसावे'. एका लग्नात नवरदेवाच्या मामेभावाला चष्म्यासकट मांडवाबाहेर काढलं होतं आणि मागून कळलं, की बिचाऱ्याला चष्म्याशिवाय ताट दिसत नाही. कॉलेजच्या पोरी तसला चष्मा दिसला की रस्ता बदलत. आणि कॉलेजची पोरं तसला चष्मा दिसला की त्याच्यासमोर जाऊन भांग सारखा करत.

"आन् मला खांद्यावर घेत्यात," बिरा म्हणाला. "मागल्या सोमवारी टपरीवाल्यानं हार घातला मला. हार! त्याच टपरीवरनं पयला बँऽ आला व्हता, बाबा. मी वळखला त्येचा आवाज. त्योच आता म्हणतो, शाब्बास वाघा, भैनीचा सूड घ्यावा तर असा. त्या कंडक्टरनं तिकीट न्हाई घेतलं माझं. म्हणतो, तुझ्याकडनं कसलं तिकीट! माजी भैन दर सोमवारी तिकीट काढून त्येच्या गाडीत मान खाली घालून बसायची, तवा कुटं व्हती ही मया?"

"मग त्यो हार तू काय केलास?"



"...घातला."

"हं."

"घातला, बाबा! काय करणार व्हतो? समदी टाळ्या वाजवत व्हती. मला वाटलं, टाळ्या तिच्यासाठी हायेत."

बाबांनी पोपटकडं पाहिलं.

"का रं, लोकं ह्येला काय म्हणून वळखत्यात?"

"चष्माफोड्या बिरा!" पोपट खुलला. "दुसऱ्या जिल्ह्यात बी, बाबा. परवा एक जण लांबनं मोटारसायकल घेऊन आलता, म्हणाला, त्यो... त्यो हितंच राहतो का..."

"त्यो कोण?"

पोपटनं मान खाजवली.

"म्हंजी... लोकं म्हणत्यात की तसं..."

"काय म्हणत्यात?"

"बँवालीचा भाऊ."

बिरा इतका शांत झाला, की पोपट बसल्या जागी मागं सरला.

"तिचं नाव काय व्हतं?" बाबांनी पोपटला विचारलं.

"कुणाचं?"

"जिच्यापायी तू हे समदं टिपतोयस तिचं."

पोपटनं बिराकडं बघितलं. मग वाशाकडं. "...अक्का. आमी समदी अक्काच म्हणायचो."

"कस्तुरा," बिरा म्हणाला. दात आवळून म्हणाला. "कस्तुरा नाव व्हतं तिचं, पोपट्या. तिच्या हातचं कालवण खाल्लंयस तू."

"अरं, मी काय मुद्दाम... लोकं नाव इचारत न्हाईत रं. लोकं म्हणत्यात, कुठली भैन? काय झालतं तिला? मग त्यांना ठावं नको का व्हायला? म्हणून मी दर वेळी खाली त्यो जुना जोडतो."

"कुठला जुना?"

पोपटनं मोबाईल पाठीमागं घेतला. तोंडातून काय निसटलं ते त्याच्या आता ध्यानात आलं.

"कुठला जुना, पोपट?"

"...तिचा. चिंचेखालचा. तू चष्मा फोडतोस त्येच्या खाली बोट लावलं की तिचा लागतो. लोकं मागत्यात, बिरा! त्याशिवाय त्यांना कळंल कसं, तुजा राग कशाचा हाय? खाली लिहिलंय की मी. तू वाचलं न्हाईस?"

बिराला वाचता येत नव्हतं. पोपटला ते ठाऊक होतं. सगळ्या खरातवाडीला ठाऊक होतं.

म्हणजे त्यानं एक चष्मा फोडला, की हजार माणसं चिंचेखाली जात होती. दुसरा फोडला, की आणखी हजार. अक्का पुन्हा उठत होती, पुन्हा वाकत होती, पुन्हा डोक्याला बोटं लावत होती. जी माणसं विसरत चालली होती त्यांना तोच हाताला धरून नेत होता आणि दाखवत होता... ही बघा माझी बहीण.

काठी कोपऱ्यात होती. ती बिराच्या हातात कधी आली ते त्यालाही कळलं नाही.

"बिरा... बिरा, अरं मी तुझ्याच भल्यासाठी..."

काठी वर गेली.

आणि तिथंच अडकली. कुणीतरी बिराच्या खांद्यावरची घोंगडी ओढत होतं.

त्यानं मागं पाहिलं. म्हाकूबाबा उठले होते. ज्या गुडघ्यांवर ते देवळाची पायरीही चढत नसत, त्याच गुडघ्यांवर उभे होते आणि त्यांनी घोंगडीचं टोक चिमटीत धरलं होतं.

"सोडा, बाबा!"

बाबांनी सोडलं नाही. दुसरा हात स्वतःच्या तोंडाला लावला. मग कानाला. मग तो हात हलवला.

बिराला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"बाबा, तुमी बी? तुमी बी चेष्टा करता माझ्या अक्काची?"

बाबांनी मान हलवली. नाही.

त्यांनी घोंगडी जरा वर उचलली. बोटांनी चुरून पाहिली. आणि भुवया उंचावून बिराकडं बघितलं, अगदी अडाण्यासारखं, ज्याला खरोखरच ठाऊक नाही आणि खरोखरच जाणून घ्यायचं आहे त्याच्यासारखं.

ही कशाची?

"माझ्याच्यानं न्हाई व्हणार."

बाबा वाट बघत राहिले.

"न्हाई व्हणार म्हणतो ना!"

बाबांचे गुडघे थरथरत होते. ते बसले नाहीत. टोकही सोडलं नाही.

पोपट खांबाला चिकटून होता. मोबाईल त्याच्या हातात होता. हात सवयीनं थोडा वर आला होता... आणि त्यालाच कसंतरी झालं. त्यानं हात खाली घेतला, मोबाईल खिशात घातला आणि खिसा वरून मुठीत धरला, जणू आतलं जनावर बाहेर उडी मारेल.

बिराची काठी खाली आली. भुईला टेकली. मग हातातून सुटून पडली.

त्यानं अंगावरून हात फिरवला. केस.

बाबांनी मान हलवली. कळलं नाही.

त्यानं दोन बोटांची कात्री चालवली. फडक्याच्या हातानं, दुखत असताना.

कळलं नाही.

मग बिरा वाकला. दोन बोटं डोक्याला लावली. त्याचा खालचा ओठ इतका कापत होता, की आवाज आधी फुटलाच नाही. मग फुटला.

"बँऽ..."

कुडामागून एका कोकरानं ओ दिली.

कुणी हसलं नाही.

बाबांचा चेहरा उजळला. कळलं! त्यांनी मान डोलावली, एकदा, दोनदा. घोंगडीचं टोक गालाला लावलं, ऊब पाहावी तसं. मग दोन्ही हात जोडून बिराला नमस्कार केला, जसा भलं गिऱ्हाईक भल्या बाईला करेल, आणि मग खाली बसले.

बिराही बसला. बसला म्हणजे कोसळलाच.

"ती अशीच बघत व्हती, बाबा," तो म्हणाला. "त्येला कळलं का म्हणून बघत व्हती. तेवढंच पायजे व्हतं तिला. घोंगडी इकायची बी न्हाई. त्येला कळावं, एवढंच... आन् त्यो हसला."

अक्काच्या मातीला बिरा रडला नव्हता. दहाव्यालाही नाही. आता तो रडला. मोठ्यानं, वेडावाकडा, नाक पुसायचं भान न ठेवता. पोपटनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. बिरानं तो झटकला. पोपटनं पुन्हा ठेवला नाही.

बऱ्याच वेळानं बिरा म्हणाला, "काढ."

"काय?"

"जे जे चढवलंयस ते. म्हाताऱ्याचं काढ. माझं काढ. तिचं काढ. समदं."

"समदं? बिरा, अरं एवढी माणसं जोडली आपण..."

"काढ म्हणतो."

पोपटनं मोबाईल काढला. अंगठा काचेवर ठेवला आणि जरा वेळ तसाच ठेवला. मग हलवायला लागला. ते काम बराच वेळ चाललं. कुणी घाई केली नाही.

"आपलं निघालं," तो शेवटी म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "पर त्यानं सोताच्या तिकडं जो ठेवलाय त्यो माझ्याच्यानं न्हाई निघत. आन् लोकांनी घेऊन ठिवलेत ते बी."

"म्हंजी ऱ्हाणार."

"ऱ्हाणार."

बिरानं बाबांकडं पाहिलं. डोळे लाल होते, आणि त्यांच्यात पुन्हा तेच पेटलं होतं.

"ऐकलंत? त्यो ऱ्हाणार. त्यो उद्या जत्रंत फिरणार. आणि कुणाला तरी मुका हाय म्हणून दावणार. आणि कुणीतरी भोळं माणूस त्येला जीव लावणार. आन् मी काय करू? माफ करू?"

"माफ कर, असं मी म्हणालो?"

"न्हाई."

"तिच्या हातची भाकरी म्या बी खाल्लीया, बिरा." बाबांच्या चिमटीत लोकरीचा पुंजका होता. त्यांनी तो इतका आवळला, की तुटला. "मला तुझ्याहून कमी राग हाय असं वाटतं तुला?"

बिरा बघत राहिला. इतक्या वर्षांत बाबांच्या कपाळावरची ती शीर त्यानं कधी पाहिली नव्हती.

"मग भंडारा लावा. जातो मी जत्रंला."

बाबांनी देव्हाऱ्यातली वाटी ओढली. भंडारा बोटावर घेतला आणि त्याच्या कपाळाला लावला. नेहमीपेक्षा जरा जास्तच लावला.

बिरा उठला. काठीकडं बघितलं. मग बाबांकडं.

"घेऊ का?"

बाबांनी पुन्हा लोकर मांडीवर ओढली आणि कुसळं काढायला लागले. एक काढलं. दुसरं काढलं.

"बाबा, मी इचारतोय. उद्या जत्रंला काय घेऊन जाऊ?"

"घोंगड्या घेऊन जा," म्हाकूबाबा म्हणाले. "जत्रा मोठी हाय... एखादा खराच मुका येईल."